टोचणाऱ्या ताईला आधी जपा



द्राक्षाच्या बागेवर फवारणी करायची असली म्हणजे जाणता माणूस काय करतो? आधी वाऱ्याची दिशा पाहतो, नाका-तोंडाला फडके बांधतो, हातमोजे चढवतो आणि मगच पंप पाठीला लावतो. पीक वाचवायचे खरे, पण पीक वाचवणारा माणूस त्याआधी वाचला पाहिजे, हे कोणी आपल्याला शिकवावे लागत नाही.

आता जरा गावाकडे बघा. उपकेंद्रातली नर्सबाई, वाडीवस्तीवर फिरणारी आशाताई, अंगणवाडीच्या बाई, घराघरांत डबकी तपासणारा आरोग्यसेवक ही मंडळी आपल्यासाठी रोज रोगराईच्या वाऱ्यात उभी असतात. कोणाच्या घरी गोवर निघाला, कोणाला महिनाभर खोकला आहे, कोणाचे बाळंतपण झाले, तिथे पहिली तीच पोचतात. त्यांच्या नाका-तोंडाला फडके आहे का? त्यांच्या दंडावर लस टोचलेली आहे का? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आणि यातल्या पुष्कळशा ताई म्हणजे आपल्याच लेकी-सुना आहेत. तेव्हा हा विषय परक्याचा नाही.

सावित्रीबाईंचा शेवटचा महिना

सव्वाशे वर्षांपूर्वीची पुण्याची गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पसरला. माणसे पटापट मरू लागली. त्या वेळी सावित्रीबाई फुले ६६ वर्षांच्या होत्या. जोतीराव जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत सैन्यात वैद्यकीय नोकरीत होता. त्याला बोलावून घेऊन मायलेकांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. ज्यांना कोणी शिवायला तयार नव्हते अशा रोग्यांना सावित्रीबाई स्वतः आणत. मुंढव्याच्या एका मुलाला तर त्यांनी पाठीवर टाकून दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आता दुसरी तारीख पहा. त्याच वर्षी, म्हणजे १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याला ताप आला, अंग ठणकले, पण तो बरा झाला. जंतू उष्णतेने मारून ही लस बनवलेली होती. मुंबईतील हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाने चालते.

म्हणजे पुण्यापासून शंभर-सव्वाशे मैलांवर लस तयार झाली होती, आणि दोनच महिन्यांनी तिच्याअभावी पुण्यातली सर्वांत मोठी सेविका गेली. यात दोष कोणाचा नाही. लस नुकती जन्मली होती, सगळ्यांना पुरवायची सोयच नव्हती. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हेदेखील तेव्हा कोणाला माहीत नव्हते, ते १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले. सावित्रीबाईंपाशी धैर्य होते, माया होती. नव्हते ते फक्त कवच.

त्याच हडपसरातून निघालेली लस

आता १९६६ सालात या. त्याच हडपसर भागात डॉ. सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. पूनावाला कुटुंबाचा धंदा शर्यतीच्या घोड्यांचा. वय झालेले घोडे हाफकिन इन्स्टिट्यूटला दिले जात आणि त्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचे प्रतिद्रव्य बनत असे. घोडे आपले, मग औषधही आपणच का बनवू नये, या विचारातून कारखाना उभा राहिला आणि पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या लस कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली.

करोनाची साथ आली तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने शोधलेली लस इथे ‘कोविशील्ड’ नावाने तयार झाली. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिचे पहिले ट्रक मांजरीतून पूजा करून निघाले. १६ जानेवारीला देशभर टोचणी सुरू झाली. आणि पहिला मान कोणाचा होता? मंत्र्यांचा नव्हे, श्रीमंतांचाही नव्हे. डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका, दवाखान्यातले सफाई कामगार यांचा. साठीच्या पुढच्या लोकांचा नंबर १ मार्चला लागला.

हडपसरच्या ज्या शिवारात लसीवाचून सेवा करता करता सावित्रीबाई आजारी पडल्या, तिथूनच जवळ तयार झालेली लस सेवा करणाऱ्यांना सर्वांआधी मिळाली. एवढे शहाणपण यायला मधली १२४ वर्षे लागली. पण ते शहाणपण एका साथीपुरते राहता कामा नये. साथ ओसरली की आपण विसरतो, आणि ताई पुन्हा उघड्या अंगाने रोग्याच्या उशाशी बसते.

तिच्या दंडावर काय काय हवे?

आरोग्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाने पुढील लसींबद्दल आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारावे. घरात अशी लेक-सून असेल तर तुम्हीही तिला आठवण द्यावी.

कावीळ-ब. ही सर्वांत महत्त्वाची. ही कावीळ दूषित पाण्याची नव्हे, रक्तातून पसरणारी आहे. ती यकृत पोखरते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे पत्ता लागू देत नाही. सांडलेले रक्त वाळले तरी तिचा विषाणू सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला अशा रोग्याची वापरलेली सुई टोचली, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होते. लसीचे तीन डोस असतात: आज एक, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण आले की नाही ते पाहता येते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस देण्याची तरतूद आहे. पुष्कळ जणी एक डोस घेतात आणि दुसरा-तिसरा राहून जातो. अर्धे कुंपण घातलेल्या शेतात जनावरे शिरायचीच!

धनुर्वात व घटसर्प. लहानपणीचे डोस पुरे झाले असले तरी दर दहा वर्षांनी टीडीचा एक डोस घ्यावा. (इथे घटसर्प म्हणजे माणसाच्या घशाचा रोग. गुरांच्या घटसर्पाशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढे एक.)

गोवर व रुबेला. गोवराइतका झपाट्याने पसरणारा दुसरा रोग मिळणे कठीण. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू हवेत राहतात. रुबेला दिसायला साधा, पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांत व्यंग येऊ शकते. तरुण सेविकांनी ही लस लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी घ्यावी. गरोदरपणी ती टोचत नाहीत, आणि टोचल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

फ्लू. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, ३ ऑगस्टला. हा विषाणू रूप पालटतो, म्हणून ही लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते.

क्षयरोगावर मात्र मोठ्या माणसाला खात्रीने वाचवील अशी लस अजून हाती नाही. तिथे उपाय म्हणजे मोकळी हवा, चांगला मास्क, आणि खोकणाऱ्याने तोंडावर धरलेला रुमाल.

सुई टोचली तर

लस टोचताना रोगी अचानक हलतो, मूल हात झटकते आणि तीच सुई ताईच्या बोटात शिरते. अशा वेळी घाबरून बोट तोंडात घालू नये, पिळू नये, त्यावर स्पिरिट किंवा चुना लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. एड्सच्या विषाणूपासून बचावाची गोळी दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. काविळीचे डोस झाले नसतील तर त्याचाही उपचार पहिल्या दिवशीच करावा लागतो. ‘साहेब रागावतील’ म्हणून झाकून ठेवणे हे सर्वांत घातक.

त्याहून चांगले म्हणजे सुई टोचूच नये अशी व्यवस्था. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा बसवायचे नाही. सरकारी टोचणीत आता एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज असते, ती दुसऱ्यांदा भरताच येत नाही. सुई लगेच कटरने तोडून बंद डब्यात टाकतात. तुमच्या मुलाला टोचताना नवे पाकीट तुमच्यासमोर फोडले का, हे पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगली नर्स त्याचा राग मानणार नाही.

स्वच्छतेची किंमत काय असते, हे हाफकिनच्याच लसीने दाखवून दिले होते. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दिवसात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला, असे पुढे साक्षीत निघाले. हाफकिनवर मात्र आळ आला आणि निर्दोष ठरायला त्याला १९०७ साल उजाडले. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात असतात हे आपल्याला ठाऊक आहे. मातीत पडलेला चिमटा आणि फाळ लागलेला पाय, दोन्हींत धोका एकच.

निळ्या डब्याची काळजी

ताईच्या खांद्याला जो डबा लटकलेला असतो तो दुधाच्या कॅनसारखाच नाजूक माल वाहतो. दूध तापले की नासते. लस तापली तर बिघडतेच, पण काही लसी गोठल्या तरी बिघडतात. म्हणून ती कारखान्यापासून गावापर्यंत २ ते ८ अंश तापमानात आणावी लागते. बाटलीवर एक वर्तुळ आणि आत चौकोन छापलेला असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला तर ती बाटली फेकायची. बीसीजी व गोवर-रुबेलाची बाटली पाणी मिसळून उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. म्हणूनच ताई सांगते, “दहा वाजता या.” तुम्ही भांगलण उरकून तीन वाजता गेलात तर ती बाटली संपलेली असते. टोचणीचा दिवस बाजाराच्या दिवसासारखा लक्षात ठेवा.

आणि हो, त्या डब्याला थोडी सावली द्या. शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, कोणाची ओसरी चालेल. हात धुवायला पाणी व साबण ठेवा. एवढी मदत फुकट आहे.

घरच्यांनी काय करावे?

ताई दारात आली की घरातला आजार लपवू नका. ‘साधा ताप आहे’ म्हणून गोवराच्या पोराजवळ तिला बसवले तर तोच आजार ती न कळत पुढच्या दहा घरांत नेईल. आधी सांगा, म्हणजे ती मास्क बांधून येईल, अंगणात बसून बोलेल. खोकणाऱ्याने तोंडाला पदर किंवा रुमाल लावावा. खिडक्या उघडाव्यात.

पोरांच्या टोचण्या वेळेवर करा. गावातली पोरे सुरक्षित असली की ताईही सुरक्षित. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पाच रोगांची एकत्र लस, पोलिओ व रोटा. न्यूमोनियाची लस दीड व साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेला व जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर, पाच-सहा वर्षांना पुन्हा बूस्टर, दहा व सोळा वर्षांना टीडी. गरोदरपणी आईला टीडीचे डोस. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. थोडा ताप येणे स्वाभाविक आहे. टोचल्या जागी हळद, तेल, चुना लावू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तो लस लागल्याची खूण आहे, त्याला मलम नको. साधी सर्दी किंवा थोडे जुलाब असले म्हणून टोचणी चुकवायची गरज नाही.

ज्यांच्या शेतात ऊसतोडीची टोळी उतरते त्यांना एक विनंती. बीडकडून, नगरकडून आलेल्या त्या कोप्यांतली पोरे सहा-सहा महिने गावाबाहेर असतात आणि त्यांच्या टोचण्या हुकतात. टोळी आली की त्याच दिवशी आशाताईला निरोप द्या. टोचणीचे कार्ड कोणत्याही गावच्या केंद्रात चालते. ती पोरे परकी म्हणून सोडली, तर गोवर काही परका-आपला पाहत नाही.

जिथे लस नाही तिथे

सगळ्या रोगांवर सुई नाही, हेही लक्षात ठेवा. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. झिकावर लस नाही. तो डासांनी पसरतो, म्हणून आरोग्य कर्मचारी घराघरांत जाऊन रांजण, टाक्या, टायर तपासत फिरले. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवणे हीच तिथली लस.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची साथ आली. त्याला गियाँ-बारे असे नाव आहे. पुणे परिसरात दोनशेच्या आसपास माणसे सापडली. पुष्कळ रोग्यांच्या शौच तपासणीत पोटाचे जंतू निघाले आणि संशय पाण्यावर गेला. ही वस्ती काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्यासारखीच गावे होती, विहिरीचे पाणी पिणारी. विहिरीत क्लोरीन टाकणारा, पाण्याचा नमुना घेणारा माणूस हाही आरोग्याचा सैनिकच आहे. त्याला ‘पाण्याला वास येतो’ म्हणून परत पाठवू नका.

बंदुकीने नव्हे, विश्वासाने

शेवटी पुण्याचीच एक आठवण. १८९७ च्या मार्चमध्ये सरकारने प्लेग आटोक्यात आणण्यासाठी रँड साहेबाला नेमले. गोरे सोजीर घरात घुसले, देव्हाऱ्यापर्यंत बुटांनी गेले, बायामाणसांची तपासणी झाली. लोक रोगी लपवू लागले आणि संताप इतका वाढला की २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोग हटवायला आलेल्या सरकारवरचा विश्वासच उडाला होता.

देवी गेल्या, पोलिओ गेला. देशातला पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला. हे काम बंदुकीने झाले नाही. दारोदार फिरणाऱ्या, तुमच्या आजीला नावाने हाक मारणाऱ्या बाईने ते केले. देशभरातल्या अशा आशाताईंचा २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही गौरव केला. गौरव गोडच, पण काविळीचा तिसरा डोस त्याहून उपयोगी.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला एक प्रश्न अवश्य विचारा. आपल्या गावच्या सेविका, आशा, अंगणवाडीच्या बाई, सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचा माणूस या सर्वांच्या लसी पुऱ्या झाल्या आहेत का? त्यांना मास्क, हातमोजे, साबण मिळतो का? गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते, तिच्या वहीत हे नोंदवून घ्या आणि राहिलेल्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रावर द्या. डोसाची तारीख कोणाची कधी आहे, तेही त्याच वहीत लिहून ठेवा.

यंदा उन्हाळ्यात गुरांना फऱ्याची लस टोचून घ्याल, तेव्हा घरातल्या सुनेच्या दुसऱ्या डोसाची तारीखही एकदा विचारा.